पाण्याचे खाते नसलेले वाळवंट : 'ड्यून टू'चे मराठवाड्यातून वाचन

दिवाळी अंकाच्या संशोधन विभागात संगणकीय खेळाचे काय काम, असे काही वाचकांच्या मनात येईल. कादंबरीवरून नाटक किंवा चित्रपट झाला की मूळ संहितेतले काय उरले आणि काय गळाले, याची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. कादंबरीवरून खेळ झाला तर मात्र ती होत नाही. वास्तविक खेळाच्या बाबतीत ही तपासणी अधिक नेमकी करता येते. कादंबरीकाराला एखादी गोष्ट नुसती सुचवून पुढे जाता येते. खेळ रचणाऱ्याला मात्र प्रत्येक गोष्टीबाबत ठरवावे लागते, की तिला आकडा द्यायचा की नाही. आकडा दिलेली गोष्ट खेळणारा जपतो, साठवतो, तिच्यासाठी लढतो. आकडा न दिलेली गोष्ट पडद्यावर दिसत असली तरी त्याच्या लेखी नसते.

'ड्यून टू' हा खेळ मी या कसोटीवर तपासला आहे. अमेरिकेतील लास वेगास येथील वेस्टवुड स्टुडिओजने तो १९९२ साली तयार केला. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या 'ड्यून' या विज्ञान कादंबरीतील जग त्यात घेतले आहे. पुढे 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' या नावाने जो प्रकार जगभर रूढ झाला, त्याचा साचा या खेळाने घालून दिला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझे म्हणणे असे, की या खेळाने पाण्यावरची एक कादंबरी घेतली आणि तिच्यातले पाणी हिशेबातून काढून टाकले. हे गळणे मराठवाड्यातल्या वाचकाला विशेष जाणवण्यासारखे आहे.

खेळाची मांडणी

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह आहे. तेथील वाळूत 'स्पाइस' नावाचा अतिशय मौल्यवान पदार्थ सापडतो. त्याला मसाला म्हणायचे, पण त्याचे काम औषधाचे, व्यसनाचे आणि चलनाचे. सम्राट तीन घराण्यांना स्पर्धेला उभे करतो : अट्रायडिस, हार्कोनेन आणि ऑर्डोस. सर्वाधिक स्पाइस काढील त्याला ग्रह मिळेल. खेळणाऱ्याने एक घराणे निवडायचे आणि एकेक करत नऊ मोहिमा पार पाडायच्या.

बुद्धिबळात आपली खेळी झाली की प्रतिस्पर्धी विचार करतो. येथे कोणी कोणासाठी थांबत नाही. आपण इमारत बांधत असतो तेव्हा शत्रूचे रणगाडे निघालेले असतात. इमारती फक्त खडकावर उभ्या राहतात. खाली काँक्रीटची फरशी घातली नाही तर त्या पडझडीला लागतात. हार्वेस्टर नावाचे अवजड यंत्र वाळूत जाऊन स्पाइस गोळा करते, शुद्धीकरण केंद्रात आणून टाकते आणि त्याचे पैसे होतात. साठवणुकीची कोठारे अपुरी पडली तर जादा माल वाया जातो. वाळूखाली फिरणारा प्रचंड किडा हार्वेस्टर गिळून टाकू शकतो. न पाहिलेला प्रदेश पडद्यावर काळा दिसतो.

या मांडणीची ताकद मान्य केलीच पाहिजे. युद्ध रणांगणाआधी कोठारात जिंकले किंवा हरले जाते, हे या खेळाइतके ठसठशीतपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. आमच्या शहरापासून जवळच असलेल्या देवगिरीची १२९६ सालची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला. रामदेवरायाने गडावर घाईने नेलेली पोती धान्याची समजून नेली होती, त्यांत मीठ निघाले, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. या हकिकतीचे मर्म 'ड्यून टू' खेळलेल्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. गोदामात काय आहे आणि काळ्या पडद्याआड काय आहे, या दोन प्रश्नांवरच त्याचा खेळ चालतो.

कादंबरीतील हिशेब

आता मूळ कादंबरीकडे वळू. तिचे बीज युद्धात नव्हते. हर्बर्ट १९५७ साली ऑरेगॉन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी गेले होते. तेथे सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून स्थिर करण्याचे सरकारी काम चालू होते. त्यावर लेख लिहिण्याचा त्यांचा विचार होता. त्यातून पुढे कादंबरी उभी राहिली. कोरडवाहू प्रदेशाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांनी ती अर्पण केली आहे.

कादंबरीत अराकिसचे मूळ रहिवासी फ्रेमेन आहेत. घाम आणि श्वासातली ओल परत मिळवणारा पोशाख ते घालतात. मृताच्या शरीरातले पाणी टोळीचे मानले जाते. मृतासाठी कोणी रडले तर त्याने मृताला पाणी दिले, असे समजतात. पाण्याच्या मापासाठी धातूच्या कड्या असतात आणि कोणाच्या नावे किती पाणी आहे हे त्या कड्यांवरून कळते. म्हणजे कादंबरीत पाण्याची रीतसर खतावणी आहे. शिवाय तिच्यात एक खोल पेच आहे. फ्रेमेनांना पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून ग्रह हिरवा करायचा आहे. परंतु वाळूतल्या किड्याला पाणी विषासारखे आहे, आणि किडा नाही तर स्पाइसही नाही. हिरवळ हवी की संपत्ती, हा प्रश्न कादंबरी सोडवत नाही, सोसायला लावते.

खेळात यातले काय उरले? 'विंडट्रॅप' नावाची एक इमारत आहे. कादंबरीत ती हवेतली ओल पकडून पाणी मिळवते. खेळात सल्लागाराला विचारले तर तो सांगतो, की विंडट्रॅप तळाला वीज आणि पाणी पुरवतो. मात्र हिशेबात येते ती फक्त वीज. वीज कमी पडली की रडार बंद पडते. पाणी कमी पडले की काय होते? काहीच नाही, कारण पाणी कमी पडतच नाही. त्याला आकडा नाही. विंडट्रॅपची किंमत ३०० आणि शुद्धीकरण केंद्राची ४००, पण तळावरच्या माणसांना रोज किती पाणी लागते याचा रकाना संपूर्ण खेळात कोठेही नाही.

फ्रेमेनांचेही तसेच झाले. अट्रायडिस घराण्याचा राजवाडा बांधला की ठरावीक वेळाने एक कळ दाबता येते आणि फ्रेमेन योद्धे प्रकट होऊन शत्रूवर चालून जातात. हार्कोनेनच्या राजवाड्यातून त्याच जागी क्षेपणास्त्र सुटते. ग्रहाचे रहिवासी आणि क्षेपणास्त्र यांची या रचनेत एकच पातळी आहे. पाणी हिशेबातून गेले की पाणी सांभाळणारी माणसेही शस्त्रागारात जाऊन बसतात, असा याचा अर्थ मी लावतो.

यावर कोणी म्हणेल, की त्या काळच्या संगणकाला एवढे झेपणारे नव्हते. हे पटण्यासारखे नाही. त्याच १९९२ साली फ्रान्सच्या क्रायो या कंपनीने याच कादंबरीवर 'ड्यून' नावाचा खेळ काढला. दोन्ही खेळांचा प्रकाशक व्हर्जिन हाच होता आणि त्यामुळेच वेस्टवुडच्या खेळाच्या नावाला 'टू' चिकटले. क्रायोच्या खेळात फ्रेमेनांच्या तुकड्यांना तीन कामे देता येतात : स्पाइस काढणे, लढणे आणि ग्रह हिरवा करणे. हिरवळ पसरली की तेथला स्पाइस नाहीसा होतो. कादंबरीतला पेच तेथे नियम होऊन आला आहे. तंत्र त्याच वर्षातले आणि मूळ संहिताही तीच. फरक होता तो काय मोजायचे या निवडीचा. पुढच्या खेळांनी कित्ता गिरवला तो मात्र वेस्टवुडच्या खेळाचा.

भातवडीचा दाखला

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा युद्धाचा खेळ आहे. पाणी हा शेतीचा आणि नगरपालिकेचा विषय, तो युद्धात कशाला? याचे उत्तर ज्याने आमचे शहर वसवले त्याच्याच चरित्रात मिळते. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे शहर वसवले आणि उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले पाणी भूमिगत नहरीने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. मोगलांशी त्याची झुंज अखंड चालू असतानाच हे काम झाले. 'ड्यून टू'च्या भाषेत सांगायचे तर त्याने तळ उभारताना पहिली गुंतवणूक पाण्यात केली.

पुढे १६२४ साली अहिल्यानगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा त्याच्यावर चालून आल्या. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. पाणी पसरून वाटांचा चिखल झाला, शत्रूच्या हालचाली अडल्या आणि त्याची रसद तुटली. त्यानंतर निजामशाही सैन्याने शत्रूचा मोड केला. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. दख्खनच्या युद्धपटावर पाणी ही तळ जगवणारी साठवण होती आणि वेळ आली की शस्त्रही होते. याच मातीतल्या कोणी असा खेळ रचला असता तर तलावाचा आकडा त्याने वगळला असता, असे मला वाटत नाही.

शहरातली पाणचक्की पाहिलेल्यांना आणखी एक गोष्ट पटेल. तेथे डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंचावरून पडून जाते फिरवते आणि मग हौदात साठते. एकाच योजनेतून ऊर्जा आणि पाणी. खेळातला विंडट्रॅप कागदावर हेच करतो. पाणचक्कीत मात्र पाणी आटले की जाते थांबते. ही साखळी खेळाने तोडली.

पुढचा वारसा

१९९५ साली वेस्टवुडनेच 'कमांड अँड काँकर' काढला; त्यात स्पाइसच्या जागी टायबेरियम आले. १९९८ साली ब्लिझार्डचा 'स्टारक्राफ्ट' आला; त्यात खनिज आणि वायू गोळा करायचे असतात. विज्ञानकथेबाहेरचा 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७चा. त्यात अन्न, लाकूड, सोने आणि दगड असे चार साठे आहेत. तेथे शेत तयार करायला लाकूड लागते. विहीर लागत नाही, पाऊसही लागत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही ओळ वाचून दाखवली तर तो काय म्हणेल, हे वाचकांनी मनाशी ताडून पाहावे.

नव्वदीच्या दशकात हे खेळ आमच्याकडे संगणक वर्गांतून आणि पुढे सायबर कॅफेंतून पसरले. बहुतेक प्रती फ्लॉपीवरून उतरवलेल्या होत्या. ज्यांनी त्या खेळल्या त्यांतल्या फार थोड्यांनी कादंबरी वाचली होती. त्यांना अराकिस भेटला तो खेळातूनच, म्हणजे तहान नसलेले वाळवंट म्हणून. ती मुले आज चाळिशीत आहेत. कोणी अभियंता आहे, कोणी उद्योगात, कोणी कचेरीत नियोजनाच्या टेबलावर. खेळाने त्यांना घडवले, असा सरळ दावा मी करत नाही. पण खडक, त्यावर काँक्रीट, मग वीज, मग उत्पादन, हा क्रम डोळ्यांखालून शेकडो वेळा गेला की तो नैसर्गिक वाटू लागतो. औद्योगिक वसाहतीची चित्रे पाहताना मला हा क्रम आठवतो. त्या चित्रांत रस्ते आणि वीज ठळक असतात, पाण्याचा आकडा शोधावा लागतो.

प्रत्यक्षात आमच्याकडे पाण्याचे नियम खेळाच्या नियमांइतकेच काटेकोर झाले आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, हे २००५च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावरून ठरते. मेंढेगिरी समितीच्या सूत्रात १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा ६५ टक्के आहे की नाही, हा कळीचा प्रश्न होता. त्या एका आकड्यावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात मोर्चे निघाले, न्यायालयीन लढाया झाल्या. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होते, आणि तो आकडा लातूरकरांच्या तोंडी होता. फ्रेमेनांच्या कड्या याहून वेगळ्या नाहीत.

म्हणून 'ड्यून टू'चे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू नोंदवाव्या लागतात. साठवण, रसद आणि न दिसणारा शत्रू यांचे नाट्य त्याने असे बांधले, की तेहतीस वर्षांनंतरही त्याची पकड सुटत नाही. या लेखासाठी मी तो तिन्ही घराण्यांकडून पुन्हा खेळलो आणि रात्री उशिरापर्यंत बसलो, हे सांगण्यात संकोच नाही. पण रूपांतर म्हणून तो मूळ कादंबरीशी फारकत घेतो, आणि ती फारकत तंत्राने लादलेली नव्हती. मराठीत संगणकीय खेळांची समीक्षा उभी करायची असेल तर तिने चित्रे आणि कथानक यांच्या आधी खेळातले रकाने तपासावेत. त्या रकान्यांत कोण आहे आणि कोण नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर दिसेल, कारण नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याची तारीख आपण अजूनही कॅलेंडरवर लिहून ठेवतो.