वेगाचे माप आणि पडताळ्याचा प्रश्न

अर्थशास्त्रीय संशोधनासाठी संगणकाची कोणती भाषा स्वीकारावी, हा वाद बहुधा वैयक्तिक आवडीनिवडीच्या पातळीवरच रेंगाळतो. बोराआन अरुओबा आणि हेसूस फर्नांदेस-व्हियावेर्दे यांनी २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक डायनॅमिक्स अँड कंट्रोल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाने त्यास मोजमापाची शिस्त लावली, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. नवसनातन वृद्धीचे एकच प्रतिमान, एकाच रीतीने, निरनिराळ्या भाषांत सोडवून प्रत्येकीस लागलेला वेळ त्यांनी नोंदविला. सी प्लस प्लसच्या सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत ज्यूलियास सुमारे २.७ पट, मॅटलॅबला ९ ते ११ पट, तर पायथॉनच्या सामान्य रूपास १५५ ते २६९ पट वेळ लागला. आर ही भाषा तर शेकडो पटींनी मागे पडली.

तथापि या कोष्टकावरून भाषांचा गुणानुक्रम ठरविणे सयुक्तिक होणार नाही. त्याच पायथॉनमधील आज्ञावलीत किरकोळ फेरफार करून ती ‘नुंबा’ या साधनाच्या साह्याने चालविताच हे प्रमाण १.६ पटींवर आले, असे हाच निबंध सांगतो. म्हणजे येथे मोजला गेला तो केवळ भाषेचा स्वभाव नव्हे. ती कशी लिहिली व कशी चालविली, याचेही ते माप आहे. शिवाय निवडलेले उदाहरण एकच गणित असंख्य वेळा आवर्तित करणारे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय सामग्री हाताळणाऱ्याचे काम निराळे असते. फाइली जोडणे, नोंदी तपासणे, प्रत्येक कुटुंबाचा भारांक योग्य ठिकाणी लावणे आणि मग समाश्रयण करणे, असा त्याचा क्रम असतो. यातील शेवटच्या पायरीचे मूळ गणित आरमध्येही फोरट्रॅनमध्ये लिहिलेली उपआज्ञावलीच करते. अशा कामात खर्ची पडतो तो यंत्राचा वेळ नव्हे, संशोधकाचा.

वेगाहून गंभीर प्रश्न उत्तराच्या खरेपणाचा आहे. अमेरिकेतील रोजगाराची अवघ्या १६ वर्षांची सामग्री निरनिराळ्या आज्ञावलींना दिली असता समाश्रयणाचे गुणांक भिन्न येतात, हे जेम्स लाँगली यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. राइनहार्ट व रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधाचे उदाहरण अधिकच बोलके आहे. प्रगत देशांत सरकारी कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असता सरासरी वृद्धी उणे ०.१ टक्का होते, हा त्यांचा आकडा होता. हर्न्डन, अ‍ॅश व पोलिन यांनी २०१३ मध्ये तो तपासला, तेव्हा २.२ टक्के निघाला. एक्सेलच्या सूत्रातून पाच देश गळले होते. या चुकीचा वाटा लहान होता. मोठा फरक काही वर्षे वगळल्याने व देशांना दिलेल्या भारांमुळे पडला. परंतु हे सारे उघडकीस आले ते मूळ तक्ता दुसऱ्यांच्या हाती पडल्यावरच. वेगवान भाषेने यातील एकही दोष टळला नसता.

यास्तव निवडीची खरी कसोटी अशी की, कच्च्या सामग्रीपासून अंतिम कोष्टकापर्यंतची प्रत्येक पायरी लिखित राहते काय, आणि ती दुसऱ्यास पुन्हा चालविता येते काय? आर, पायथॉन व ज्यूलिया या विनामूल्य असल्याने पडताळा घेणाऱ्यावर परवान्याचा भार पडत नाही. स्टाटा विकत घ्यावे लागते. परंतु जुनी आज्ञावली जुन्या आवृत्तीच्या नियमांनी चालविण्याची त्यातील सोय दीर्घकालीन पडताळ्यास उपकारक आहे. विनामूल्य भाषांत ही काळजी संशोधकास स्वतः वाहावी लागते.

अरुओबा व फर्नांदेस-व्हियावेर्दे यांनी आपल्या सर्व आज्ञावली सर्वांस खुल्या केल्या. त्यांच्या कोष्टकातील आकडे संगणकांबरोबर जुने होतील. हा पायंडा मात्र टिकण्याजोगा आहे. विद्यापीठीय प्रबंधांच्या बाबतीतही विशिष्ट भाषेची सक्ती करण्यापेक्षा संपूर्ण आज्ञावली जोडण्याची अट घालणे अधिक हितावह ठरेल.