रावी कोण, हे संपादकाने विचारले पाहिजे

हदीसशास्त्रात एक जुना दंडक आहे. मजकूर कितीही चांगला असो, तो सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे सनद, तपासल्याशिवाय तो स्वीकारायचा नाही. रावी सचोटीचा आहे काय, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे काय, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला तरी होता काय, हे प्रश्न मुहद्दिसांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारले. त्याचे स्वतंत्र शास्त्र झाले, त्याला जरह-व-तादील म्हणतात. संशोधनपर नियतकालिकाच्या संपादकाचे काम याहून फार निराळे नाही, असे आमचे मत आहे. लेख ही त्याच्याकडे आलेली अमानत आणि वाचकाचा विश्वास ही त्याहून मोठी अमानत.

या कामात कसूर झाली तर काय होते, याचे ठळक उदाहरण लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाचे आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यात अँड्र्यू वेकफिल्ड आणि अन्य बारा लेखकांचा निबंध आला. अवघ्या १२ मुलांच्या पाहणीवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. त्याच अंकात सावधगिरीचे टिपणही छापले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण रावी कोण, हे कळायचे राहिले. लसनिर्मात्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड पैसे घेत होते, हे २००४ मध्ये ब्रायन डीअर या पत्रकाराने उघड केले.

संपादकाला हे आधी ठाऊक नव्हते, इथवर आम्ही समजू शकतो. आमचा आक्षेप पुढच्या वागणुकीवर आहे. हितसंबंध लपवल्याचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी मान्य केले, दहा सहलेखकांनी निष्कर्षावरची आपली सही काढून घेतली, तरी निबंध मागे घेतला गेला नाही. इतर आरोपांची शहानिशाही बहुतांशी लेखकांवर आणि त्यांच्याच रुग्णालयावर सोपवली गेली. आरोपीलाच काझी नेमावे, तशातला हा प्रकार. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेचा निर्णय आल्यावर, २ फेब्रुवारी २०१० रोजी, निबंध रद्द झाला. छापल्यापासून १२ वर्षे, पैशाचा उलगडा झाल्यापासून ६ वर्षे.

दरम्यान इंग्लंडमध्ये या लसीचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत घसरले होते. निबंध रद्द झाल्यावरही झळ ओसरली नाही. २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात गोवराचे हजाराहून अधिक रुग्ण झाले. मोठमोठ्या पाहण्यांत लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही, तरी शंका जिवंत राहिली. रद्दीची सूचना सर्वांपर्यंत जात नाही, अफवा मात्र घरोघर पोचते.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा उर्दू शाळांतील अनेक पालकांनी नकार दिला. मुलांना पुढे संतती होणार नाही, ही ती अफवा. ती लंडनच्या निबंधातून आलेली नव्हती, तिची मुळे वेगळी. पण अशा पालकाला समजवायला शिक्षकाकडे शेवटी एकच आधार उरतो : हे तपासलेले ज्ञान आहे. तपासणाराच ढिला पडला तर तोही आधार जातो. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

आता आपल्या घरात पाहू. बढतीसाठी शोधनिबंध आवश्यक झाले, तसे पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्यांचे पेव फुटले. ‘आयएसएसएन’ क्रमांक म्हणजे दर्जाची मोहोर, असा समज पसरवला गेला. वास्तविक तो नियतकालिकाची नुसती ओळख पटवणारा आकडा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, नंतर ‘केअर’ यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर, अध्यापकांवर आणि अर्थातच संपादकांवर आली आहे. काहींना ही पंचाईत वाटते. आम्हाला ती योग्य वाटते. बुखारींच्या हाती कोणत्या सरकारची यादी होती?

मराठी आणि उर्दूत संशोधन छापणाऱ्या संपादकांकडून आमच्या अपेक्षा चार आहेत. लेखकाला पैसा कोणी दिला, हे विचारावे व छापावे. निबंध विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. तो जाणकार लेखकाचा मित्र, मार्गदर्शक वा नातलग नसावा. संपादकाने आपल्या वरिष्ठांचा किंवा शागिर्दांचा निबंध स्वतः निवडू नये. आणि चूक उघड झाली तर तिची दुरुस्ती पुढच्याच अंकात, ठळक जागी, कारणासह द्यावी.

यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागते ती नाही म्हणण्याची हिंमत. आपल्याकडे संपादक भिडेला बळी पडतो, कारण लेखक ओळखीचा, जमातीतला, बिचारा बढतीसाठी अडलेला असतो. मुहद्दिसांनी प्रसंगी आपल्या आप्तांनाही कच्चा रावी ठरवले. ज्या समाजाने हे शास्त्र जगाला दिले, त्याच्या नियतकालिकांनी निदान तेवढा कठोरपणा दाखवायला हवा.