तंतुप्रबलित मुद्रण : ‘प्रबलित’ या विशेषणाची मर्यादा

त्रिमितीय मुद्रणाविषयीच्या लेखनात ‘तंतुप्रबलित’ हे विशेषण आज इतक्या सढळपणे योजिले जाते, की प्रबलन कोणत्या दिशेने झाले हा प्रश्न वाचकास सुचूच नये. वस्तुतः या पद्धतीचे सारे मूल्यमापन त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

तो समजून घेण्यास दूर जावे लागत नाही. पाथर्डी हा ज्वारी-बाजरीचा तालुका. धान्याची कणगी ही अशा मुलखातील जुनी वस्तू. उभ्या काठ्यांमधून तुराट्या किंवा निरगुडीचे फोक आडवे विणावयाचे आणि वरून शेणमातीने लिंपावयाचे, ही तिची रचना. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. आतील धान्य भिंतीस बाहेर रेटते, तो ताण आडवे फोक घेतात. कणगी उचलताना किंवा कलती करताना उभ्या काठ्या कामी येतात. तंतू दोन्ही दिशांनी असावेत आणि मातीने त्यांस धरून ठेवावे, एवढी समज त्या विणीत आहे. संमिश्र पदार्थाचे तत्त्व याहून निराळे नाही.

हीच कणगी मुद्रणयंत्रावर घडविली तर काय होईल? स्कॉट क्रम्प यांनी 1989 मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला, तीत प्लॅस्टिकची तार तापलेल्या तोटीतून वितळून बाहेर येते व थरावर थर चढतो. तारेत कर्बतंतूंचे तुकडे मिसळले असता ते प्रवाहाबरोबर तोटीच्या मार्गास समांतर होतात. एका थरातून दुसऱ्या थरात मात्र तंतू जवळजवळ जात नाहीत. तेथील सांधा केवळ प्लॅस्टिकचा, आणि तोही निवू लागलेल्या थरावर पडलेला. मुद्रित कणगीस आडवे फोक मिळाले. उभ्या काठ्या मिळाल्या नाहीत.

अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2014 मध्ये एबीएस प्लॅस्टिक व तोकडे कर्बतंतू यांवर प्रसिद्ध केलेला निबंध वारंवार उद्धृत होतो. ताणसामर्थ्यात सुमारे 115 टक्के आणि ताठरपणाच्या गुणांकात सुमारे 700 टक्के वाढ, हे त्यातील आकडे सर्वत्र आढळतात. तंतूंचे मुद्रणदिशेस 91.5 टक्क्यांपर्यंत संरेखन झाले होते, हे त्याच निबंधातील विधान क्वचितच सोबत येते. साच्यात दाबून केलेल्या नमुन्यांपेक्षा मुद्रित नमुन्यांत पोकळ्या अधिक होत्या, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. मूळ निबंध सावध आहे. उतावीळ आहेत ते त्यातून आकडे उचलणारे.

तोकड्या तंतूंऐवजी अखंड तंतू घालण्याचा मार्ग त्यानंतर प्रशस्त झाला. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी तोटीतच तंतू पीएलए प्लॅस्टिकने भिजवून मुद्रण केले. कर्बतंतूंमुळे ताठरपणा साध्या पीएलएच्या सुमारे सहापट आणि ताणसामर्थ्य चौपटीहून अधिक झाले. त्याच प्रयोगात तागाचे सूतही वापरले गेले. त्याचा लाभ पुष्कळच कमी होता, तरी ग्रामीण तंतूंचा विचार करणाऱ्या येथील अभ्यासकाने तो भाग आधी वाचावा. परंतु अखंड तंतूही थराच्या पातळीतच फिरतो. मर्यादा सरकली, गेली नाही.

तंतूंचा एक लाभ निर्विवाद आहे. निवताना होणारे आकुंचन व वाकणे त्यांमुळे बरेच घटते, आणि मोठ्या वस्तूंचे मुद्रण त्यामुळेच व्यवहार्य झाले.

पाथर्डीच्या कोरडवाहू शेतीस हा भेद किती महाग पडेल, हे पाभरीच्या चाड्यावरून दिसते. चाड्याची वाटी व तिची भोके मुद्रणास अगदी सोयीची. पण ढेकळांतून जाणाऱ्या पाभरीचे धक्के सर्व दिशांनी बसतात, आणि चाडे थरांच्या सांध्यात उकलले तर दुसरे मिळेपर्यंत वाफसा थांबत नाही. आडव्या छापलेल्या पट्टीवर घेतलेली ताणचाचणी या धोक्याविषयी काहीच सांगत नाही. उभ्या छापलेल्या पट्टीची चाचणी तिच्या जोडीस द्यावयास हवी, आणि दोहोंपैकी लहान आकडा आधी छापावा. पीएलए सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते व तंतू घालून तो अंश विशेष बदलत नाही. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली ठेवावयाच्या अवजारासाठी ही नोंदही त्याच कोष्टकात असावी.