परत फिरलेल्यांची गोष्ट

धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत ‘साहस’ हा गुन्हा मानला आहे. बळाच्या जोरावर उघड उघड केलेले दुष्कृत्य म्हणजे साहस, आणि त्याला राजाने दंड करावयाचा. पुढे या शब्दाचे दैव असे काही उजळले की, आज कुणाला साहसी म्हटले तर तो मनातून सुखावतो. साहसाची ओढ माणसाला असावीच. परंतु ती ओढ कागदावर उतरताना आपल्याकडे तिचे काय होते, हे एकदा पाहिले पाहिजे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या वाचकाला साहस शोधायला हिमालयात जावे लागत नाही. कल्याणच्या दक्षिणेला मलंगगडाचे सुळके उभे आहेत. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरले की माहुलीची वाट धरता येते. मुरबाडकडे गेले की देहरी गावामागे गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या वाट पाहत असतात. आठवडाभर लोकलच्या दांडीला लोंबकळणारा माणूस रविवारी पहाटे पाठीला पिशवी लावून याच गाड्यांनी उलट दिशेला निघतो. त्याला काय मिळते? मोकळी हवा आणि पायांत बळ, हे तर आहेच. पण खरा लाभ निराळा आहे. कचेरीत त्याची किंमत दुसरे ठरवतात. कड्यावर आपल्या दमाचा, घोटभर पाण्याचा आणि भीतीचा हिशेब त्याला स्वतःच मांडावा लागतो. स्वतःचे माप स्वतः घेण्याची संधी शहरात सहसा लाभत नाही.

नेमके हेच माप आपल्या पुष्कळशा भटकंतीच्या लेखांतून गळून पडते. तिथे गड ‘सर’ होतो, कडा ‘लीलया’ पार होतो आणि माथ्यावरचा वारा शीण घालवून टाकतो. मध्येच कुणाचे पाय लटपटले, पाणी संपले, धुक्यात वाट चुकली आणि मंडळी मुकाट्याने परत फिरली, असे लिहिलेले फार क्वचित आढळते. जणू भीती ही लपवायची गोष्ट! असे लेखन नुसते रुक्ष होत नाही, ते खोटे होते. आणि हे खोटे महागात पडते, कारण उद्या तो लेख वाचून कुणाचा तरी सतरा वर्षांचा मुलगा त्याच वाटेने जाणार असतो.

याउलट विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहा. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जात बुडालेला भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो दक्षिणेच्या आशेने. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि १८५८ साली इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हा गृहस्थ शहरातच होता. त्याने तलवार गाजवली नाही. जीव वाचवण्यासाठी तो लपला, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. घरी आणता आली ती गंगेच्या पाण्याची कावड. चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले. आज शतकाहून अधिक काळ लोटला तरी ते ताजे वाटते, याचे कारण त्यातली भीती खरी आहे. भ्यालेल्या माणसाने सांगितले म्हणूनच त्या दिवसांची भीषणता आपल्याला पटते.

गडांविषयी लिहिताना हाच खरेपणा गोपाळ नीलकंठ दांडेकरांनी वेगळ्या वाटेने आणला. ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचताना आपण किती चढलो यापेक्षा तिथे कोण राहते, काय खाते, कसे बोलते, याकडे त्यांचे लक्ष अधिक आहे, हे जाणवते. राजमाचीच्या परिसरातला ‘माचीवरला बुधा’ तर मुंबई सोडून डोंगरावर परततो. आपण ज्याला साहस म्हणतो ते त्याचे रोजचे जिणे आहे. दांडेकरांची भक्ती कधी कधी अनावर होते आणि प्रत्येक दगड पूजनीय होऊन बसतो, हा दोष मान्य करावा लागेल. पण त्यांच्या पानांवर गड हा लेखकाच्या पराक्रमाची चौकट होत नाही, हे त्यांचे मोठे श्रेय.

मलंगगडाचीच गोष्ट घ्या. १७८० साली इंग्रजांच्या फौजेने त्याचा खालचा भाग घेतला, पण बालेकिल्ला त्यांच्या हाती लागला नाही. आज त्या माथ्याकडे जाताना एका तुटलेल्या जागी लोखंडी नळीवरून दरी ओलांडावी लागते. तिथे उभा राहून जो म्हणेल, ‘आज नको, पाऊस झालाय, दगड निसरडा आहे,’ आणि खाली उतरेल, त्याने गडाकडून काही कमी घेतले असे मला वाटत नाही. उलट प्रवासाचा जो सर्वांत मोठा लाभ, आपली मर्यादा ओळखण्याचा, तो त्याच्या पदरी पुरता पडला.

दिवाळीत आपल्याकडे मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. त्यांना गडांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, आणि मोठी झाल्यावर खऱ्या गडावर न्यावेही. त्या गोष्टींत चढून गेलेल्यांच्या जोडीला परत फिरलेल्यांनाही जागा द्यावी. आपल्या प्रवासलेखकांकडे एवढेच मागणे आहे.