सील नसलेला मीटर

मोटार वाहन कायदा १९८८ चा. मोबाइलवरून गाडी जोडून देणाऱ्या कंपन्या त्यात आल्या २०१९ च्या दुरुस्तीनं. कलम ९३ नं त्यांना परवाना बंधनकारक केला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच न्यायचं, असं त्यांत होतं. जुलै २०२५ च्या सुधारित तत्त्वांत ही मर्यादा दुपटीवर गेली. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्यातले किमान ८० टक्के मिळावेत, हेही त्यांत आहे.

चर्चा सगळी दीडपट की दुप्पट यावरच झाली. माझा आक्षेप वेगळा आहे. पट मोजायची कुणी?

रिक्षाचा मीटर बघा. दर परिवहन प्राधिकरण ठरवतं. मीटर वैधमापनशास्त्र विभाग तपासतो आणि त्याला सील ठोकतो. आकडा चालक आणि प्रवासी दोघांसमोर असतो. सील तुटलं तर तक्रार करता येते.

आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात मीटर टाकतं कोण? खरंय. सात रस्त्याला उभं राहून आपण ‘आसऱ्याला किती घेणार?’ असंच विचारतो. पण ती घासाघीस असते. त्याचा आकडा मला कळतो, माझा त्याला. पटलं तर बसायचं, नाहीतर पुढची रिक्षा.

म्हणजे न्याय्य भाड्याचे आपल्याकडे दोन रस्ते: सरकारी सील, नाहीतर तोंडी सौदा. ॲपमध्ये दोन्ही नाहीत. अंतर, दर, कुठली फेरी कुणाला द्यायची, सगळं कंपनीच्या संगणकात ठरतं. २०२० च्या तत्त्वांत या गणिताबद्दल पारदर्शकतेची अपेक्षा होती. अपेक्षा चांगलीच आहे हो, पण अपेक्षेला सील ठोकता येत नाही.

आणि ८० टक्के कशाचे? प्रवाशानं किती मोजले हेच चालकाला दिसलं नाही, तर तो हिशेब कसा लावणार? म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक फेरीची एकच पावती दोघांनाही मिळावी: मूळ भाडं, लावलेली पट, कंपनीची कपात, चालकाचा वाटा. आणि ती पडताळायचा अधिकार इथल्या आरटीओला असावा. सोलापूरच्या रिक्षावाल्यानं आपल्या वीस रुपयांसाठी मुंबईला खेटे घालायचे, याला नियमन म्हणत नाहीत.