खांबाखालचा रस्ता : मुंबई मेट्रो-१ ची समीक्षा

कार्यक्रमपत्रिकेवर 'समीक्षा' हा शब्द वाचून काहींनी आम्हाला विचारलं, मेट्रोची कसली समीक्षा करणार? समीक्षा कादंबरीची होते, नाटकाची होते. आमचं म्हणणं असं, की जी वस्तू लाखो लोक रोज वापरतात, जी आपल्या रस्त्यावर उभी राहते आणि एकदा उभी राहिली की हलवता येत नाही, तिची समीक्षा नाटकापेक्षा जास्त बारकाईनं व्हायला हवी. नाटक पडलं तर प्रयोग बंद करता येतात. चुकीच्या जागी उतरलेला जिना मात्र पुढच्या दोन-तीन पिढ्या चढत-उतरत राहतात.

आज आपण मुंबईच्या पहिल्या मेट्रोबद्दल बोलू. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकं १२, आणि सगळी जमिनीच्या वर, खांबांवर. जून २००६ मध्ये पायाभरणी झाली, प्रत्यक्ष काम २००८ मध्ये सुरू झालं आणि ८ जून २०१४ ला ती प्रवाशांसाठी खुली झाली.

आमचा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं तपासून बघता येईल. हा मार्ग गाडी म्हणून उत्तम आहे, पण रस्ता म्हणून अपुरा आहे. आणि हे अपुरेपण उंचीमुळे आलेलं नाही. प्रकल्पाची हद्द स्थानकाच्या शेवटच्या पायरीवर संपते असं धरून सगळं आखलं गेलं, म्हणून ते आलं.

आधी चांगलं बोलू, कारण चांगलं पुष्कळ आहे. मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिम रेल्वे उत्तर-दक्षिण, मध्य रेल्वे उत्तर-दक्षिण, हार्बरचाही बराचसा भाग तसाच. दोन्ही हायवे उत्तर-दक्षिण. म्हणजे चर्चगेटला किंवा सीएसएमटीला जायचं असेल तर शहर तुमच्या सोयीचं. पण अंधेरीहून घाटकोपरला, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला जायचं असेल, तर एकतर लोकलनं दादरपर्यंत खाली जा आणि गाडी बदलून परत वर या, नाहीतर अंधेरी-कुर्ला रोडच्या गर्दीत अडका. ज्यांनी त्या काळात बेस्टच्या ३४० नंबरच्या बसनं प्रवास केलाय, त्यांना साकीनाक्याचा सिग्नल वेगळा सांगायला नको. तासाच्या वर सहज जायचं. मेट्रोनं वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंतचं सगळं अंतर २१ मिनिटांवर आणलं. चकाल्याच्या ऑफिसात कामाला जाणारी बाई, मरोळच्या कारखान्यातला कामगार, असल्फ्याच्या टेकडीवर राहणारा विद्यार्थी, यांच्या आयुष्यात रोजचा तास-दीड तास परत आला. ही लहान गोष्ट नाही. आम्ही टीका करणार आहोत ती हे पूर्ण मान्य करून.

आता ही मेट्रो खांबांवर का आली? सोपं उत्तर म्हणजे पैसा. भुयारी मार्गाचा खर्च उन्नत मार्गाच्या कित्येक पट येतो. मुंबईतलंच उदाहरण घ्या. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो-३. तिचा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता, तो पुढे ३७ हजार कोटींच्या वर गेला. मेट्रो-१ चा मूळ अंदाज होता २,३५६ कोटी. काळ वेगळा, भाव वेगळे, त्यामुळे थेट भागाकार करू नका. पण फरक केवढा आहे ते कळतं.

दुसरं उत्तर कमी बोललं जातं, ते म्हणजे जागा. उन्नत मार्गाचा खांब रस्त्याच्या मध्यावर, दुभाजकात उभा राहतो. ती जागा सार्वजनिक असते. कुणाचं घर, कुणाचं दुकान फारसं घ्यावं लागत नाही. मोबदला, कोर्टकचेऱ्या कमी होतात. म्हणून नियोजनकारांना दुभाजक आवडतो. कागदावर ती जागा फुकट असते. प्रत्यक्षात ती फुकट नसते. तिची किंमत रस्ता देतो. बांधकामाच्या वर्षांत पत्रे लागले की रस्ता निम्मा होतो, आणि बांधकाम संपल्यावर स्थानकाच्या खाली अंधार, आवाज आणि अरुंद फुटपाथ उरतो. मोबदला मात्र कुणाला मिळत नाही, कारण रस्त्यावरून चालणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट मोजली पाहिजे. सप्टेंबर २०१२ मध्ये या मार्गाच्या बांधकामाचा एक भाग कोसळला. एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जखमी झाले. प्रकल्पाच्या खर्चाबद्दल बोलताना आपण कोटींचे आकडे सांगतो, हा आकडा सांगत नाही.

रचना म्हणून पाहिलं तर या मार्गावर दोन जागा खरोखर बघण्यासारख्या आहेत. अंधेरीला पश्चिम रेल्वेचे चालू रूळ ओलांडणारा पोलादी पूल, आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, आधीच असलेल्या उड्डाणपुलाच्याही वरून जाणारा केबलचा पूल. खाली लोकल धावत असताना, हायवे चालू असताना हे काम करणं म्हणजे चालत्या शिलाई मशीनवर सुई बदलण्यासारखं. मार्गाला उशीर होण्यात या दोन जागांचा मोठा वाटा होता, आणि तो उशीर आम्हाला समजू शकतो. अभियंत्यांनी अवघड प्रश्न सोडवला.

पण गंमत बघा. हायवेच्या डोक्यावरून गाडी नेण्याचा अवघड प्रश्न सुटला आणि स्थानकातून बाहेर पडलेल्या माणसानं रिक्षापर्यंत कसं जायचं, हा सोपा प्रश्न राहून गेला. का राहिला? कारण अवघड प्रश्नाला मालक होता. सोप्या प्रश्नाला नव्हता.

ही मालकी आली करारातून, म्हणून समीक्षेत करारही वाचावा लागतो. मेट्रो-१ ही देशातल्या सुरुवातीच्या खासगी भागीदारीतल्या मेट्रोंपैकी एक. कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा ६९ टक्के, एमएमआरडीएचा २६ टक्के आणि व्हिओलियाचा ५ टक्के वाटा होता. सवलतीची मुदत ३५ वर्षं. प्रकल्प तोट्यात जाऊ नये म्हणून केंद्र आणि राज्य मिळून ६५० कोटींचं अनुदान. या करारात भाडं ठरलं होतं : ९, ११ आणि १३ रुपये, अंतराप्रमाणे.

पुढं काय झालं? मूळ करार १८८६ च्या ट्रामवे कायद्याखालचा. मार्ग सुरू व्हायच्या आधी, २०१३ मध्ये, तो केंद्राच्या मेट्रो कायद्याखाली आणला गेला. त्या कायद्यात पहिलं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो प्रशासनाला आहे. कंपनीनं त्यावर बोट ठेवलं. खर्च वाढून ४,३२१ कोटींवर गेला असा तिचा दावा होता, आणि तो एमएमआरडीएला मान्य नव्हता. भांडण उच्च न्यायालयात गेलं. पहिला महिना सरसकट १० रुपये, मग २०१५ पासून १० ते ४०. त्याच वर्षी भाडेनिश्चिती समितीनं थेट १० ते ११० रुपयांची शिफारस केली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली. आता विचार करा, ज्या बाईचा रोजचा तास वाचला, तिला तो तास ११० रुपयांना एका बाजूनं पडला असता. तिनं पुन्हा ३४० नंबर पकडली असती.

इथं आम्ही कंपनीला खलनायक करत नाही. धंदा करणारा धंद्याचंच बघणार. आमचा आक्षेप करार लिहिणाऱ्या सरकारी बाजूवर आहे. ज्या कागदावर पस्तीस वर्षांचं नातं उभं आहे, त्यात भाडं कुठल्या कायद्यानं ठरणार हे मार्ग सुरू होईपर्यंत वादातीत नसावं? आणि याच कागदी शिस्तीत दुसरी उणीव लपलेली आहे. भाड्यावर निदान भांडण झालं. खालच्या रस्त्यावर तर भांडायलाही कुणी समोर नव्हतं.

बघा ना, स्थानक कंपनीचं. रस्ता आणि फुटपाथ महापालिकेचा. सिग्नल वाहतूक पोलिसांचा. बस बेस्टची. रिक्षाचा परवाना परिवहन खात्याचा. पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा रेल्वेचा पूल रेल्वेचा. प्रवासी मात्र एकच, आणि तो पंधरा मिनिटांत या सगळ्यांच्या हद्दीतून जातो. जिना जिथं उतरतो तिथं फुटपाथ आधीच चार-पाच फुटांचा. त्यातला मोठा भाग जिन्यानंच खाल्ला. उरलेल्या जागेत केबलची पेटी, झाड, फेरीवाला. मग माणूस रस्त्यावर उतरतो, रिक्षा त्याच्यासाठी तिथंच थांबते, मागची बस अडकते, आणि आपण म्हणतो मेट्रो येऊनही ट्रॅफिक कमी झालं नाही. कसं होईल? माणसं वर गेली, पण ती कुठंतरी खाली उतरणारच होती.

कुणी म्हणेल, हे सगळं किरकोळ आहे. आम्हाला तसं वाटत नाही. धडधाकट माणूस कसाबसा वाट काढतो. कडेवर मूल घेतलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, काठी घेऊन चालणारा अंध माणूस यांच्यासाठी ते शेवटचे दोनशे मीटर म्हणजे मेट्रो वापरायची की नाही याचा निर्णय असतो. सरकता जिना आहे, लिफ्ट आहे, हे ठीक. पण लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरते, आणि दुसऱ्या बाजूला जायचं असेल तर मध्ये काय आहे, हे विचारा.

खातं वेगळं, हद्द वेगळी, याचं टोकाचं उदाहरण याच अंधेरीत पुढं सगळ्यांनी पाहिलं. गोखले पुलाचा भाग २०१८ मध्ये रुळांवर कोसळला. नवा पूल बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली केली, तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा नवा पूल एका पातळीत जुळतच नाहीत. दोन पुलांत माणसाएवढं अंतर. त्यावर वर्तमानपत्रांत विनोद झाले, मग दुरुस्ती झाली. तो फरक डोळ्यांना दिसला म्हणून हसू आलं. मेट्रोचा जिना आणि फुटपाथ यांच्यातलं न जुळणं दिसत नाही, इतकंच.

या प्रश्नावर मुंबईनं एक उत्तर आधी देऊन पाहिलं होतं : स्कायवॉक. २००८ मध्ये वांद्र्यापासून सुरुवात झाली आणि शहरभर ते उभे राहिले. कल्पना अशी, की फुटपाथ नीट करता येत नाही ना, मग चालणाऱ्यालाच वर उचला. काही गर्दीचे आहेत, उपयोगी आहेत. बरेचसे ओस पडले. कारण साधं आहे : माणसाला भाजी खाली घ्यायची असते, दवाखाना खाली असतो, बस खाली थांबते. रस्ता सोडून देऊन रस्त्याचा प्रश्न सुटत नाही.

मग मेट्रो भुयारीच हवी होती का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. एवढ्या पैशांत भुयारी मार्ग मागितला असता तर कदाचित काहीच मिळालं नसतं. आणि भुयारी स्थानकालाही शेवटी जिना असतो, तो याच फुटपाथवर उघडतो. मरोळ नाक्याला आता मेट्रो-३ जमिनीखालून येऊन मेट्रो-१ ला मिळते. वर आणि खाली दोन मेट्रो, आणि मधला रस्ता तोच. तसंच वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला मेट्रो-७ ची आणि डी. एन. नगरला मेट्रो-२ अ ची जोडणी मिळाली. जाळं तयार होतंय ही आनंदाची गोष्ट आहे. पण जाळं वाढलं की गाठींवरची गर्दी वाढते, आणि गाठ जमिनीवर कच्ची असेल तर ताण तिथंच येतो.

तर मागायचं काय? आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, स्थानकाची किंमत लावताना त्याच्या भोवतीचे निदान अडीचशे मीटर रस्ते, फुटपाथ, दिवे, ओलांडण्याच्या जागा त्याच निविदेत धरा. दोन, जिना फुटपाथवर उतरवायचा असेल तर जिन्याच्या बाजूनं दोन माणसं समोरासमोर जाऊ शकतील एवढी जागा उरलीच पाहिजे. उरत नसेल तर जिना शेजारच्या इमारतीच्या आवारात न्या, त्यासाठी मोबदला द्या. तीन, रिक्षा आणि बस कुठं थांबणार हे आराखड्यात काढा, उद्घाटनानंतर पोलिसांवर सोडू नका. चार, या सगळ्यासाठी एकच जबाबदार अधिकारी नेमा, ज्याचं नाव स्थानकाच्या फलकावर असेल. आणि पाच, भाडं कसं ठरणार आणि कसं वाढणार हे पहिली वीट ठेवण्याआधी लोकांना कळू द्या.

हे आत्ता बोलायचं कारण असं, की मेट्रो-१ हा पहिला धडा होता, शेवटचा नव्हे. वडाळ्याहून कासारवडवलीकडे जाणारी मेट्रो-४, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरची मेट्रो-६, मंडाळेपर्यंतची मेट्रो-२ ब, या सगळ्या खांबांवरच्याच आहेत. तिथले खांब आता हलणार नाहीत, ते ठीक. पण जिन्याखालचा फुटपाथ अजून नीट करता येतो, दिवे लावता येतात, बसथांबा सरकवता येतो. या कामाला बोगदा खणायचं यंत्र लागत नाही. तुमच्या वॉर्ड ऑफिसात पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढंच विचारा, की आमच्या स्थानकाच्या जिन्याखालचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे. उत्तर लेखी मागा.

आता प्रश्न घेऊ.