काया सारियाहो यांच्या फ्ल्यूटप्रधान चेंबर संगीतातील श्वासाचे स्थान : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक :

फिनलंडमध्ये जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा काळ पॅरिसमध्ये व्यतीत केलेल्या काया सारियाहो (१९५२–२०२३) या विसाव्या शतकाच्या अखेरच्या व एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या पाश्चात्त्य संगीतातील महत्त्वाच्या रचनाकार होत. हेलसिंकी येथील सिबेलियस अकादमीत पावो हायनिनेन यांच्याकडे व नंतर जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस हूबर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९८२ पासून पॅरिसमधील ‘इरकाम’ या संगीत-संशोधन संस्थेशी त्यांचा संबंध आला. २००० साली साल्झबुर्ग येथे सादर झालेल्या ‘लामूर द ल्वँ’ या ऑपेरामुळे त्यांना जागतिक कीर्ती लाभली. मात्र या कीर्तीचा एक परिणाम असा झाला, की मोजक्या वादकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या रचनांकडे मोठ्या कृतींची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाऊ लागले. ‘रंगांची रचनाकार’ हे त्यांना वारंवार लावले जाणारे विशेषणही असेच अपुरे आहे. त्यात प्रशंसा आहे. पण रंग म्हणजे बाह्य सजावट आणि रचना म्हणजे काही वेगळे, असा भेदही त्यात गृहीत धरलेला आहे.

प्रस्तुत लेखात सारियाहो यांच्या फ्ल्यूटप्रधान रचनांचा या दृष्टीने विचार केला आहे. या रचनांत ऐकू येणारा श्वास हा परिणामासाठी योजलेला अलंकार नसून रचनेला आधार देणारे तत्त्व आहे, हे येथील मुख्य प्रतिपादन होय. तसेच हे तत्त्व कोठे समर्थ ठरते व कोठे दुबळे पडते, याचीही चिकित्सा केली आहे. एकल फ्ल्यूटच्या रचना काटेकोर अर्थाने चेंबर संगीतात मोडत नाहीत. तथापि पुढील द्वयी व त्रयींचे बीज त्यांतच असल्यामुळे त्यांचाही समावेश केला आहे.

नाद आणि रव यांचा अक्ष :

आपल्याकडील संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितले जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकच स्वर सतारीवर व सनईवर वाजविला असता जो भेद जाणवतो, तो जातीचा होय. पाश्चात्त्य परंपरेतही दीर्घकाळ रचनेचा भार उच्चनीचतेवर, म्हणजे स्वरमेळ व त्यांच्या क्रमावर राहिला. विसंवादी मेळातून ताण निर्माण व्हावा व संवादी मेळात तो सुटावा, ही त्या संगीताची मूलभूत गती होती. विसाव्या शतकात ही व्यवस्था शिथिल झाल्यावर ताण कशातून निर्माण करायचा व तो कोठे सोडवायचा, हा प्रश्न रचनाकारांपुढे उभा राहिला.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात सारियाहो यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर लक्षणीय आहे. संवाद-विसंवादाच्या जागी त्यांनी ‘नाद ते रव’ असा अक्ष कल्पिला. त्याच्या एका टोकाला स्वच्छ, गुळगुळीत नाद आहे, तर दुसऱ्या टोकाला खरखरीत, निश्चित स्वरस्थान नसलेला रव आहे. रवाकडे सरकणे म्हणजे ताण वाढणे व नादाकडे परतणे म्हणजे तो ओसरणे. यात जाती हा नादाचा तिसरा धर्म रचनेचे वाहन बनतो. १९८० साली डार्मश्टाट येथे त्यांना ज्यांच्या संगीताचा परिचय झाला, त्या जेरार ग्रिझे व ट्रिस्टाँ म्युराय या फ्रेंच रचनाकारांच्या वर्णपटवादी विचाराशी या भूमिकेचे नाते आहे.

या अक्षासाठी फ्ल्यूट हे वाद्य विशेष अनुकूल का, याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. फ्ल्यूटमध्ये पत्ती नसते. ओठांतून निघालेला हवेचा झोत मुखरंध्राच्या कडेवर आदळून दुभंगतो व नळीतील हवा कंप पावू लागते. या क्रियेत काही हवा नादात रूपांतरित न होता केवळ सळसळ म्हणून उरते. १८४७ साली थेओबाल्ड ब्योम यांनी सिद्ध केलेल्या धातूच्या फ्ल्यूटचे उद्दिष्ट सर्व स्वर सारखे, भरीव व स्वच्छ उमटावेत हे होते. फुंकीचा आवाज झाकणे हे चांगल्या वादनाचे लक्षण मानले गेले. आपल्या बासरीवादनातही तसेच मानले जाते. सारियाहो यांनी नेमका हा झाकलेला अंश उघडा केला. ओठांची ठेवण व झोताचा कोन यांत थोडा बदल केला, की वादक एकाच दीर्घ स्वरात नादापासून रवापर्यंतचा सर्व प्रवास करू शकतो, हे त्यांनी रचनातत्त्व म्हणून स्वीकारले.

वर्णापासून स्वरापर्यंत :

‘लाकोनीझ्म द लेल’ (१९८२) ही फ्रायबुर्ग येथे लिहिलेली एकल फ्ल्यूटची रचना या विचाराचा प्रारंभबिंदू होय. तिचा आरंभ वादनाने होत नाही. वादक सेंत-जाँ पेर्स या फ्रेंच कवीच्या पक्ष्यांवरील काव्यातील मजकूर बोलू लागतो, बोलणे हळूहळू वाद्याच्या मुखाशी येते, उच्चार कुजबुजीत विरतात आणि त्या कुजबुजीतून स्वर आकारास येतो.

या आरंभाचे मर्म मराठी वाचकाला त्याच्या वर्णमालेच्या आधारे सहज उमगू शकते. ‘स्वर’ हा शब्द मराठीत व्याकरणातही आहे व संगीतातही. स्वराच्या उच्चारात नियमित कंपन असते. म्हणून त्याला सुरावर धरता येते. उलट श, ष, स ही ऊष्मे म्हणजे केवळ घर्षणाने उमटलेला श्वास होय, आणि ख, घ, थ, ध यांसारख्या वर्णांना आपल्या व्याकरणाने महाप्राण असे श्वासवाचक नाव दिले आहे. म्हणजे नाद व रव यांचा अक्ष मानवी भाषेत आधीपासूनच आहे. सारियाहो यांनी वाद्यात कुजबुजण्याची योजना केली ती भाषा आणि संगीत यांच्या या समान भूमीवर. त्यामुळे त्यांच्या रचनांतील शब्द फ्ल्यूटवर लादलेला वाटत नाही. पुढे पिकोलोसाठी लिहिलेल्या ‘दोल्चे तोर्मेंतो’ (२००४) या रचनेत त्यांनी पेत्रार्कच्या काव्याचा याच पद्धतीने उपयोग केला.

‘नोआनोआ’ : सहकार्य, यंत्र आणि एक अडचणीचा प्रश्न :

फ्ल्यूट व इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांसाठीची ‘नोआनोआ’ (१९९२) ही सारियाहो यांची फ्ल्यूटवादकांत सर्वाधिक रुजलेली कृती आहे. ‘मा’ (१९९१) या बॅलेचे संगीत लिहीत असताना सुचलेल्या कल्पनांतून ती निर्माण झाली. स्वतःच्या फ्ल्यूटलेखनातील मनात घर करून बसलेल्या लकबी मुद्दाम अतिशयोक्त करून त्यांतून मोकळे व्हावे, असा हेतू रचनाकर्तीनेच नमूद केला आहे. अनेक घटक प्रथम एकामागून एक मांडावेत व नंतर एकमेकांवर चढवावेत, हा तिच्या रूपबंधाचा क्रम आहे. कमिला हॉयटेंगा या वादिकेच्या सहकार्याने फ्ल्यूटच्या भागाचे अनेक तपशील सिद्ध झाले व कृतीही त्यांनाच अर्पण केलेली आहे. येथे यंत्र वाद्यामागे पार्श्वभूमी उभी करीत नाही, तर वादकाचा श्वास वादकाच्या देहाबाहेर लांबविते. म्हणून एकट्या वादकाची असूनही ही कृती दोघांच्या संवादासारखी ऐकू येते.

मात्र या कृतीचे शीर्षक व शब्द जेथून आले आहेत, तेथे समीक्षेने थांबणे आवश्यक आहे. ‘नोआनोआ’ हे पॉल गोगँ यांच्या काष्ठचित्राचे व १८९१ ते १८९३ या काळातील ताहितीवासावरील त्यांच्या प्रवासवृत्ताचे नाव. मूळ ताहितियन शब्दाचा अर्थ ‘सुगंधी’ असा आहे. फ्रेंच वसाहतीत गेलेल्या चित्रकाराने तेथील भूमी व स्त्रिया यांना आदिम स्वप्नाचे रूप दिले, हा त्या पुस्तकावरील आक्षेप परिचित आणि योग्य आहे. वसाहतवादाचा अनुभव घेतलेल्या समाजातील श्रोत्याला तो बाजूला सारता येणार नाही.

सारियाहो यांच्या बाजूने असे म्हणता येईल, की त्यांनी प्रवासवृत्ताचे कथन घेतलेले नाही. त्यातील वाक्यांचे केवळ तुकडे घेतले आहेत. फ्ल्यूटमध्ये कुजबुजताना तेही वर्ण व श्वास यांत विखुरतात. पाहणाऱ्याची अधिकारवाणी मोडून पडते आणि उरतो तो कोणाचाही असू शकेल असा श्वास. हा युक्तिवाद ऐकण्याच्या अनुभवाशी जुळतो. तरीही तो पूर्ण समाधानकारक नाही. शब्द मोडले तरी शीर्षक अखंड राहते, आणि दूरदेशाच्या सुगंधाचे आवाहन त्या शीर्षकातच आहे. ताहितीचे स्वतःचे संगीत वा स्वतःचा आवाज या रचनेत कोठेही येत नाही. ही कृती गोगँच्या दृष्टीची पुनरुक्ती करीत नाही, तसेच तिला प्रश्नही विचारीत नाही. तिची ही मर्यादा मान्य करूनच तिचे संगीतमूल्य सांगितले पाहिजे.

दोघांत आणि तिघांत :

एकाच वाद्यातील नाद-रव अक्ष जेव्हा अनेक वाद्यांत विभागला जातो, तेव्हा खऱ्या अर्थाने चेंबर संगीताचा प्रश्न उभा राहतो. फ्ल्यूट व चेलो यांसाठीच्या ‘मिरर्स’ (१९९७) मध्ये रचनाकर्तीने संगीताचे तुटक खंड दिले असून त्यांचा क्रम व जोडणी वादकांवर सोपविली आहे. अट एकच : लय, स्वरस्थान, वादनक्रिया किंवा जाती यांपैकी एका वा अधिक अंगांनी दोन वाद्ये परस्परांची प्रतिबिंबे ठरावीत. चेलोचा गज घोडीजवळ सरकला, की स्वर खरखरीत होतो; फ्ल्यूटचा झोत पसरला, की स्वर हवेने भरतो. एक हाताची क्रिया, दुसरी श्वासाची. परंतु अक्षावरील दोघांची वाटचाल सारखीच आहे.

आल्टो फ्ल्यूट, चेलो व पियानो यांसाठीची ‘साँद्र’ (१९९८) ही त्रयी अधिक प्रगल्भ आहे. शीर्षकाचा अर्थ ‘राख’. तिची काही सामग्री आल्टो फ्ल्यूट, चेलो व वाद्यवृंद यांसाठीच्या ‘आ ला फ्यूमे’ (१९९०) या कृतीतून आली असून त्या शीर्षकात धुराचा निर्देश आहे. येथे ताण निर्माण होतो तो तिन्ही वाद्यांना स्वरस्थान, लय, तीव्रता व जाती या सर्व अंगांनी जवळ आणण्यातून व पुन्हा आपापल्या प्रकृतीवर सोडून देण्यातून. यात पियानोची भूमिका निर्णायक आहे. फ्ल्यूट व चेलो स्वर धरून ठेवू शकतात, सरकवू शकतात, त्याची जाती क्रमशः पालटू शकतात. पियानोचा स्वर मात्र आघातानंतर लगेच विझू लागतो व त्याचे स्थान हलत नाही. दोन वाद्ये ज्या अक्षावर सहज वावरतात, तेथे तिसऱ्याला सहज प्रवेश नाही. या असमानतेमुळे ‘साँद्र’मधील एकरूपतेचे क्षण कष्टाने मिळविलेले वाटतात आणि म्हणूनच परिणाम साधतात. केवळ रंगांच्या सौंदर्यावर विसंबलेल्या रचनेत हे घडले नसते.

अक्षाची मर्यादा :

‘तेरेस्त्र’ (२००२) ही फ्ल्यूट, हार्प, तालवाद्ये, व्हायोलिन व चेलो यांसाठीची कृती ‘लेल द्यु सोंज’ (२००१) या फ्ल्यूट कन्चेर्तोच्या उत्तरार्धावरून सिद्ध केलेली आहे. पेर्स यांच्या पक्ष्यांकडे सारियाहो येथे पुन्हा वळल्या. परंतु वीस वर्षांत पक्षी बदलला आहे. पहिल्या भागामागे, नृत्य करणारा एक पक्षी साऱ्या गावाला नाचायला शिकवितो, अशी ऑस्ट्रेलियातील आदिवासींची कथा आहे. त्यामुळे ताल व स्वराकृती यांना प्राधान्य मिळते. कुजबुज व श्वास आहेत, पण ते बहुधा तालाला धार देण्यासाठी येतात. अक्ष येथे रचनेचा कणा राहिलेला नाही. या बदलास ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र श्वास हा तत्त्वाकडून अलंकाराकडे सरकल्याचे येथे जाणवते, हे नोंदविले पाहिजे. एझ्रा पाउंड यांच्या अखेरच्या काव्यखंडांवर आधारलेल्या ‘सोंब्र’ (२०१२) मध्ये बॅरिटोन गायक, बास फ्ल्यूट, हार्प, डबल बास व तालवाद्ये यांच्या मंद्र मेळात श्वास पुन्हा मध्यवर्ती होतो. तेथे गायक व फ्ल्यूट यांच्यात तो वाटला गेला आहे.

दुसरी मर्यादा संहितेची आहे. श्वासाचे प्रमाण चिन्हांनी दर्शविता येते, पण त्याचा पोत लिहिता येत नाही. तो हॉयटेंगा यांसारख्या सहकाऱ्यांच्या वादनातून, प्रत्यक्ष सहवासातून पुढे गेला. मौखिक परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला हे नवीन नाही; लिखित संहितेला प्रमाण मानणाऱ्या परंपरेसाठी मात्र २ जून २०२३ रोजी झालेल्या रचनाकर्तीच्या निधनानंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे.

निष्कर्ष :

१. सारियाहो यांच्या फ्ल्यूटप्रधान रचनांत श्वास हा ताण व विश्रांती यांचे नियमन करणारा घटक आहे; त्यामुळे ‘रंगांची रचनाकार’ हे वर्णन अपुरे ठरते.

२. भाषेतील वर्ण व संगीतातील स्वर यांची समान भूमी हे या रचनांतील कुजबुजीचे अधिष्ठान आहे.

३. ‘साँद्र’मध्ये वाद्यांच्या असमान क्षमतेमुळे हे तत्त्व सर्वांत कसाला लागते व सर्वांत यशस्वी ठरते, ‘तेरेस्त्र’मध्ये ते गौण होते.

४. ‘नोआनोआ’चे संगीतमूल्य निर्विवाद असले, तरी तिच्या शब्दस्रोताचा वसाहतकालीन संदर्भ समीक्षेतून वगळता येत नाही.

५. या रचनांचे भवितव्य संहितेइतकेच वादकांच्या परंपरेवर अवलंबून आहे. श्वास छापता येत नाही. एका वादकाने दुसऱ्याला तो ऐकवावा लागतो.